ट्रॅक्टर स्वस्त झाला, पाना नाही: शेडमधील हत्यारे घेताना पैसा कुठे घालावा?

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे नवे दर लागू झाले आणि शेतीयंत्रांच्या किमती उतरल्या. तेव्हापासून जुन्नर-आंबेगाव पट्ट्यात नवीन ट्रॅक्टर, रोटाव्हेटर, ठिबक यांची चौकशी वाढली आहे. त्याच ओघात आणखी एक प्रश्न शेतकरी विचारतात: "घरच्या शेडमध्ये ग्राइंडर, ड्रिल, वेल्डिंग आणि पान्यांचा सेट घ्यायचा आहे. तेही स्वस्त झाले असेल ना?"

उत्तर सरळ आहे. नाही झाले. म्हणूनच हत्यारे घेताना थोडा हिशेब करावा लागतो. हा लेख त्या हिशेबाबद्दल आहे.

कर कुठे उतरला, कुठे नाही

जीएसटी परिषदेच्या ३ सप्टेंबर २०२५ च्या ५६ व्या बैठकीतील निर्णयांनंतर शेतकऱ्याच्या दृष्टीने चित्र असे आहे:

- शेतीचे ट्रॅक्टर: १२ टक्क्यांवरून ५ टक्के.
- ट्रॅक्टरचे मागचे टायर व ट्यूब, हायड्रॉलिक पंप आणि इतर ठरावीक सुटे भाग: १८ वरून ५ टक्के.
- मशागत, पेरणी, कापणी, मळणीची यंत्रे: १२ वरून ५ टक्के.
- ठिबक, तुषार संच व यांत्रिक फवारणी यंत्रे: १२ वरून ५ टक्के.
- पाने, पक्कड, ड्रिल, ग्राइंडर, वेल्डिंग मशीन, नट-बोल्ट, बेअरिंग: पूर्वी १८ टक्के, आजही १८ टक्के.
- फावडे, कुदळ, खुरपे, विळा, कुऱ्हाड आणि छाटणीची कात्री अशी हाताने चालणारी शेतीची अवजारे: पूर्वीपासून करमुक्त, आजही करमुक्त. घमेले मात्र या यादीतून वगळलेले आहे.

शेवटची ओळ द्राक्ष बागायतदारांनी लक्षात ठेवावी. छाटणीच्या कात्रीवर, म्हणजे सिकेटरवर, जीएसटी लागत नाही. बिलात तो लावलेला दिसला तर दुकानदाराला विचारा. हार्डवेअरच्या दुकानात बाकीचा माल १८ टक्क्यांचा असतो आणि घाईत सगळ्यावर तोच दर लागू शकतो.

आता या यादीचा अर्थ पाहू. यंत्र विकत घेणे स्वस्त झाले, पण ते चालते ठेवण्याची हत्यारे होती त्याच दरात राहिली. शेतीमालाच्या विक्रीवर जीएसटी न भरणाऱ्या शेतकऱ्याला हा १८ टक्के कर कुठेही परत मिळत नाही. कारखानदाराला तो वजा करून घेता येतो, आपल्याला नाही. यंत्रे वाढतील तशी दुरुस्तीही वाढणार. त्यामुळे पुढच्या दोन-तीन वर्षांत घरच्या शेडचे महत्त्व वाढेल, कमी होणार नाही.

खरी बचत करात नाही

तरीही कराची फार खंत करू नका. एक आकडेमोड करून पाहू. समजा, ग्राइंडरची मूळ किंमत २,५०० रुपये आहे. १८ टक्क्यांनी तो २,९५० ला पडतो. ५ टक्के कर असता तर २,६२५ ला पडला असता. फरक ३२५ रुपयांचा. आता समजा, टोमॅटोच्या ऐन तोडणीत एचटीपी पंपाचा एक नट गोल झाला आणि फवारणी दोन दिवस लांबली. करप्याच्या हवामानात त्या दोन दिवसांचे मोल ३२५ रुपयांत मोजता येत नाही.

बाजारभावाची चंचलता आपल्या पट्ट्याला नवी नाही. जुलै २०२३ मध्ये नारायणगाव बाजारात २० किलोच्या टोमॅटो क्रेटला दोन हजारांच्या वर भाव मिळाला होता आणि सप्टेंबर उजाडेपर्यंत तो कोसळला. ज्यांचा माल त्या दिवसांत तोडून बाजारात पोहोचला, त्यांचे साधले. अशा पिकात यंत्र कधी बंद पडते याला किंमत असते.

म्हणून "हे किती रुपयांना मिळते?" एवढ्यावर थांबू नका. "हे नसेल तर माझे काम किती दिवस थांबते, आणि वर्षात असे किती वेळा होते?" हेही विचारा. या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक हत्याराला वेगळे येते आणि त्यावरच पैसा कुठे घालायचा ते ठरते.

आधी वही, मग खरेदी

हत्यारांचा तयार मोठा बॉक्स घेण्याआधी मागच्या बारा महिन्यांत काय-काय बंद पडले ते लिहून काढा. चार रकाने पुरतात: काय बिघडले, कोणते हत्यार हवे होते, ते कुठून आणले, काम किती वेळ थांबले. पीकपद्धतीनुसार या याद्या वेगवेगळ्या निघतात.

- द्राक्ष (जुन्नरचा पूर्व पट्टा): ब्लोअर व एचटीपीच्या नळ्या, नोझल, क्लॅम्प, मांडवाची तार ताणणे, एप्रिल आणि ऑक्टोबर छाटणीच्या कात्र्या.
- टोमॅटो: बांबू, तार, सुतळीचे काम; ठिबकचे फिल्टर व जोड; फवारणी पंप.
- कांदा (ओतूर परिसर): चाळीच्या अँगलला भोके पाडणे, पत्रे व जाळी बसवणे.
- बटाटा (सातगाव पठार): लागवड व काढणी यंत्राचे बोल्ट, बेअरिंग, साखळ्या.
- ऊस: ट्रॉलीच्या पिना, हुक, फाळके, रोटाव्हेटरची पाती.
- भात (पश्चिम आदिवासी पट्टा): पॉवर टिलर, लहान इंजिन, मळणी यंत्राचे पट्टे.

वही भरली की लक्षात येईल की बहुतेक बिघाड दहा-बारा हत्यारांत मिटतात. शंभर नगांच्या बॉक्समधली उरलेली नव्वद हत्यारे गंज खात पडतात. बॉक्समधील नगांची संख्या वाढवून किंमत आकर्षक दाखवणे ही जुनी विक्रीपद्धत आहे. त्यातले निम्मे नग स्क्रू ड्रायव्हरची टोके असतात.

इथे पैसा घाला

१. पाने. फिक्स आणि रिंग असे दोन्ही प्रकार, साधारण ८ ते २७ मिलिमीटरपर्यंत. पाना हलका असला तर तो नटाचे कोपरे खातो. मग तो नट छिन्नीने किंवा गॅस कटरनेच निघतो. स्वस्त पान्याची खरी किंमत तिथे वसूल होते. घेताना पान्यावर क्रोम व्हॅनेडियम ही खूण आहे का पाहा, पण तेवढ्यावर विसंबू नका. आपल्या यंत्राचा एक चांगला, न झिजलेला बोल्ट खिशात घेऊन जा आणि पाना त्यावर बसवून हलवा. खेळ जाणवला तर तो सेट ठेवून द्या. घट्ट नट नेहमी रिंग पान्याने सोडवा. काही जुन्या ट्रॅक्टरांवर इंची मापाचे नट असतात. तिथे मिलिमीटरचा पाना "जवळपास बसतो" म्हणून वापरू नका. लागतील तेवढेच दोन-तीन इंची पाने सुटे घ्या.

नाशिकची टपारिया किंवा जालंधर-लुधियानातील जुने कारखाने यांचा माल तालुक्याच्या दुकानांत सहज मिळतो. परदेशी महागड्या नावाची गरज नाही. मधल्या किमतीचा भारतीय पाना शेतीच्या कामाला वर्षानुवर्षे पुरतो.

२. छाटणीची कात्री. पाते आणि स्प्रिंग सुटी मिळणारी कात्रीच घ्या. एका छाटणीत हजारो काप होतात. पाते बोथट झाले की काडी चिरडते आणि ती जखम रोगाला वाट देते. दोन स्वस्त कात्र्यांपेक्षा एक चांगली कात्री आणि एक जादा पाते परवडते.

३. मल्टिमीटर, शक्यतो क्लॅम्प मीटर. या यादीत सर्वात दुर्लक्षित वस्तू हीच. पंप चालू असताना तिन्ही फेजचा व्होल्टेज आणि करंट पाहिला तर मोटार जळण्याआधी इशारा मिळतो. एखाद्या फेजचा करंट इतर दोघींपेक्षा बराच वेगळा दिसला किंवा मोटारीच्या पाटीवरील आकड्यापेक्षा वाढला, तर मोटार बंद करून कारण शोधा. एक रिवाइंडिंग वाचले तरी मीटरचे पैसे फिटतात.

४. ग्रीस गन. चांगल्या कपलरची घ्या. ग्रीस निपलवरून बाहेर ओघळत असेल तर बेअरिंगला काहीच मिळत नाही.

इथे वाचवा

हातोडा, छिन्नी, टेप, गुण्या, तारेचा ब्रश, हॅकसॉची फ्रेम यांत साधा माल चालतो. मात्र हॅकसॉचे पाते आणि कानस चांगली घ्या, कारण काम तेच करतात. ड्रिल मशीन वर्षातून आठ-दहा वेळा लागणार असेल तर साधे पुरते. पैसे वाचवून चांगले बिट घ्या. बोथट बिट असेल तर महागडे मशीनही लोखंडात भोक पाडत नाही.

बॅटरीवरच्या हत्यारांचे आकर्षण वाढले आहे. वीज नसलेल्या रानात ती सोयीची आहेत. पण मशीनपेक्षा बॅटरी महाग पडते आणि एका कंपनीची बॅटरी सहसा दुसरीला बसत नाही. घ्यायची तर दोन-तीन हत्यारे एकाच बॅटरीवर चालतील असे पाहूनच घ्या. एकच ड्रिल हवे असेल तर वायरचे बरे.

ग्राइंडर आणि वेल्डिंग: घ्यायचे की नाही?

चार इंची ग्राइंडर बहुतेक शेडला उपयोगी आहे. पण स्वस्त मशीनपेक्षा चुकीची डिस्क जास्त धोक्याची असते. चार इंची चांगल्या डिस्कवर कमाल फेरे साधारण १५,३०० प्रति मिनिट असे छापलेले असते. मशीनच्या पाटीवरचा आकडा यापेक्षा कमीच असला पाहिजे. डिस्कच्या मधल्या पत्र्याच्या कड्यावर वापराची मुदत असते, तीही पाहा. ओल लागलेली, टवका उडालेली डिस्क फेकून द्या. गार्ड काढून पाच इंची डिस्क बसवणे किंवा लाकूड कापण्याचे दातेरी पाते लावणे म्हणजे हात आणि गळा दोन्ही पणाला लावणे आहे. ते करू नका.

वेल्डिंगचा निर्णय वहीवर सोडा. वर्षात चार-पाच वेळाच काम निघत असेल तर गावच्या वेल्डरकडे जाणे स्वस्त पडते. महिन्यातून दोन-तीन वेळा निघत असेल तर सिंगल फेजवर चालणारे इन्व्हर्टर मशीन पाहा. घेताना तीन गोष्टी तपासा:

- मशीनवर "२०० अँपिअर" छापले म्हणून ते सतत २०० देते असे नाही. माहितीपत्रकात ड्यूटी सायकल पाहा. ६० टक्के म्हणजे दहा मिनिटांत सहा मिनिटे काम, चार मिनिटे विश्रांती.
- शेतीच्या कामाला २.५ आणि ३.१५ मिलिमीटरचे रॉड पुरतात. ते साधारण ६० ते १३० अँपिअरमध्ये चालतात. त्याहून मोठ्या आकड्यासाठी जादा पैसे मोजू नका.
- आपल्याकडे संध्याकाळी व्होल्टेज पडतो. कमी व्होल्टेजला मशीन किती चालते ते दुकानदाराला विचारा. लांब आणि बारीक वायर लावली की मशीनपर्यंत पोहोचेस्तोवर व्होल्टेज आणखी घटतो.

विजेबाबत एक महत्त्वाची गोष्ट. शेतीपंपाची जोडणी पंपासाठी मंजूर असते. मंजूर कारणाशिवाय वेगळा वापर हा वीज कायदा २००३ च्या कलम १२६ नुसार अनधिकृत ठरतो आणि त्याचा दंडनीय दराने आकार लागतो. वेल्डिंग घरगुती जोडणीवर करायचे तर तिचा मंजूर भार किती आहे ते आधी पाहा. स्वस्त मशीनचा फायदा एका आकारणीत जाऊ शकतो.

कुठून घ्यावे?

नारायणगाव, मंचर, आळेफाटा, ओतूर, घोडेगाव येथील दुकानांत किंमत थोडी जास्त वाटली तरी दोन फायदे आहेत: नग हातात घेऊन बघता येतो आणि बिघडला तर परत नेता येतो. पुण्यात रविवार पेठेतील बोहरी आळीत निवड जास्त आहे. पण साठ-पंचाहत्तर किलोमीटरचे भाडे आणि दिवस मोडतो, त्यामुळे एका पान्यासाठी जाऊ नका. वहीतील यादी घेऊन गटाने एकाच फेरीत आणा.

मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. तिथे व्हाइस, घण, ऐरण, मोठे पाने अशी हत्यारे स्वस्तात मिळू शकतात. जुने घेताना नियम एकच: ज्यात फिरणारा आणि विजेवर चालणारा भाग नाही ते घ्या. व्हाइसचे जबडे समांतर मिटतात का, बिडाला तडा किंवा वेल्डिंगचा जोड आहे का, स्क्रूचे आटे शाबूत आहेत का, हे पाहा. जुना ग्राइंडर किंवा ड्रिल चालवून दाखवल्याशिवाय घेऊ नका. आत मोठ्या ठिणग्या आणि जळका वास असेल तर सोडून द्या.

ऑनलाइन घेताना नाव नीट वाचा. प्रसिद्ध नावात एखादे अक्षर बदललेला नकली माल मोठ्या सवलतीत दिसतो. "बिलाशिवाय १८ टक्के कमी" हा सौदाही टाळा. बिल नाही म्हणजे वॉरंटी नाही. घेण्यापूर्वी सेवा केंद्र कुठे आहे आणि कार्बन ब्रश सुटे मिळतात का, हे दोन प्रश्न विचारा.

सगळे स्वतः घेण्याची गरज नाही

महाडीबीटीवरील कृषी यांत्रिकीकरणाचे अनुदान ट्रॅक्टर, पॉवर टिलर, पेरणी-मळणी-फवारणी यंत्रांसाठी आहे. अल्प व अत्यल्प भूधारक, महिला, अनुसूचित जाती-जमातींसाठी ते ५० टक्के आणि इतरांसाठी ४० टक्के, ठरवलेल्या कमाल मर्यादेत. पाने आणि ग्राइंडर त्यात बसतील अशी आशा धरू नका. जी यंत्रे बसतात ती मात्र पूर्वसंमती मिळण्याआधी खरेदी करू नका.

दुसरा मार्ग गावातच आहे. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसाय येतात. त्यात लोहार, सुतार आणि हत्यारे बनवणारे कारागीर आहेत. पात्र कारागिराला हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचे ई-व्हाउचर मिळते. प्रशिक्षणात रोज ५०० रुपये विद्यावेतन आणि पुढे ५ टक्के व्याजाने, तारणाशिवाय, पहिल्या टप्प्यात एक लाख व दुसऱ्या टप्प्यात दोन लाखांपर्यंत कर्जाची सोय आहे. शेती हा व्यवसाय या यादीत नाही. पण तुमच्या गावचा लोहार पात्र ठरला, तर त्याच्या भात्याशेजारी वेल्डिंग आणि ग्राइंडर येऊ शकतो. मग दहा शेतकऱ्यांना दहा मशीन घ्यावी लागणार नाहीत आणि त्याचा बंद पडत चाललेला धंदाही उभा राहील.

आठ-दहा शेतकऱ्यांचा गट असेल तर बेअरिंग पुलर, टॉर्क पाना, चेन ब्लॉक, पाईपचे आटे पाडायचे डाय अशा क्वचित लागणाऱ्या वस्तू सामाईक घ्या. मात्र त्या एकाच घरी ठेवा, नोंदवही ठेवा, आणि मोडले तर कोणी भरायचे ते आधीच ठरवा. सामाईक हत्यारे बहुधा वापराने नव्हे, वादाने संपतात.

जिथे कधीच काटकसर नको

डोळ्यांचा चष्मा, वेल्डिंगची काच, हातमोजे आणि बूट हा खरेदीचा पहिला खर्च धरा, उरलेल्या पैशांतला नव्हे. शेडच्या बोर्डवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा आणि अर्थिंग तपासून घ्या. वायरवर आयएसआय खूण पाहा. पावसाळ्यात ओल्या जमिनीवर वेल्डिंग नकोच. जस्त चढवलेला, म्हणजे जीआय पाईप वेल्ड करताना निघणारा पांढरा धूर ताप आणतो. जोडाजवळचे जस्त आधी घासून काढा आणि काम उघड्यावर करा.

आणखी एक गोष्ट आपल्याच भागाची. जुन्नर वनविभागात बिबट्याचा वावर आता रोजचा झाला आहे. शेजारच्या शिरूर तालुक्यात पिंपरखेडला ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये हल्ल्यांत माणसे दगावली. रात्रीच्या विजेवर पंप बंद पडला की विहिरीवर वाकून एकट्याने दुरुस्ती करणे हा आता वेगळाच धोका आहे. पंपघरात फ्यूज, कॅपॅसिटर, टेस्टर आणि दोन नेमके पाने यांची छोटी पिशवी कायम ठेवा. जे दुरुस्त होईल ते दिवसा करा. रात्री जावेच लागले तर दोघे जा आणि उजेड घेऊन जा.

कृषी सहायक आणि गटप्रमुखांसाठी

शेतीशाळेत यंत्राची ओळख करून देतो तसा एक तास दुरुस्तीला द्या. नारायणगावचे कृषी विज्ञान केंद्र किंवा तालुक्यातील आयटीआयमधील निदेशकांना बोलावून मल्टिमीटर वापरणे, ग्रीस देणे आणि डिस्क ओळखणे एवढेच दाखवले तरी पुष्कळ. गावातील लोहार-सुतारांना विश्वकर्मा नोंदणीबाबत विचारा. तिची पहिली पडताळणी ग्रामपंचायत स्तरावर होते.

आणि शेतकरी बंधू-भगिनींनो, या हंगामात ट्रॅक्टरचा टायर किंवा ठिबक घेणार असाल तर एक करा. मूळ किंमत १०,००० रुपये असलेला मागचा टायर पूर्वी ११,८०० ला पडायचा, आता १०,५०० ला. ५०,००० रुपयांच्या ठिबकवर ५६,००० ऐवजी ५२,५००. वाचलेले १,३०० किंवा ३,५०० रुपये घरखर्चात विरण्याआधी बाजूला काढा. त्यातून आधी चष्मा आणि हातमोजे, मग तुमच्या वहीत सर्वात जास्त वेळा आलेल्या मापांचे पाने, आणि पैसे उरले तर मीटर घ्या. बाकीची यादी पुढच्या हंगामावर ठेवली तरी चालेल.